केंब्रिजचे आठ जण

२३ जून १९७६ रोजी अमेरिकेतल्या केंब्रिज शहराच्या नगरपरिषदेचे सभागृह गच्च भरले होते. हार्वर्ड आणि एमआयटी ही दोन्ही याच शहरातली. एका जीवाचे जनुक दुसऱ्या जीवात बसवण्याच्या प्रयोगांसाठी हार्वर्डला विशेष सुरक्षेची प्रयोगशाळा बांधायची होती, आणि तिथल्याच काही शास्त्रज्ञांचा तिला विरोध होता. महापौर आल्फ्रेड वेलुची यांचे विद्यापीठाशी हाडवैर जुने. त्यांनी शास्त्रज्ञांना आधीच बजावले, की आम्हाला कळेल अशा भाषेत बोला.

शास्त्रज्ञांना स्वतःला हा प्रश्न पडला नव्हता असे नाही. पॉल बर्ग आणि इतरांनी काही प्रयोग आपणहून थांबवले होते. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला परिषद भरवून त्यांनी नियमही सुचवले. पण तिथे जमलेले जवळजवळ सगळे तज्ज्ञच होते.

केंब्रिजने वेगळे केले. धोकादायक वर्गातले प्रयोग तात्पुरते थांबवून नगरपरिषदेने आठ नागरिकांची समिती नेमली. इंधन-तेलाचा व्यवसाय असलेले माजी महापौर डॅनिअल हेस अध्यक्ष. सदस्यांत एक परिचारिका, एक अभियंता, एक डॉक्टर. जनुक-संशोधक एकही नाही. हार्वर्डमध्ये तेव्हा काही जणांना हसू आले असेल. या आठ जणांनी शंभराहून अधिक तास साक्षी ऐकल्या. उलटसुलट प्रश्न विचारले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी सांगितले, प्रयोग होऊ द्या. मात्र केंद्र सरकारच्या नियमांवर आमच्या आणखी अटी राहतील, आणि देखरेखीला शहराची स्वतःची समिती असेल. अहवालातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा असा, की ज्ञान कितीही हितकारक असो, धोका ज्यांनी सोसायचा त्यांनी तो समजून-उमजून पत्करलेला असला पाहिजे.

लाभ खरा होता, हे पुढच्याच वर्षी दिसले. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यात आले आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झाले. तोवर मधुमेह्यांची भिस्त डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडावर होती. केंब्रिजचेही नुकसान झाले नाही; जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या पुढे तिथेच गोळा झाल्या.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, पेशाने हिशेबनीस. या अहवालापर्यंत मला आणले ते यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पऱ्हाटीने. बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. पण तिची चोरटी लागवड आदल्याच वर्षी गुजरातेत उघडकीला आली होती. म्हणजे आपल्याकडे बियाणे आधी आले, प्रश्न मागाहून. आमच्या शेतात पहिली काही वर्षे बोंडअळीच्या फवारण्या खरोखरच कमी झाल्या, आणि पाठीवरचा पंप उतरल्याचा तो आनंद मी विसरलेलो नाही. सरसकट विरोध करणाऱ्यांशी माझे म्हणून जमत नाही.

त्या बॅगेत ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी असे. ती शेताच्या कडेने लावायची. साध्या झाडांवर वाढलेले पतंग बीटीवर तगलेल्या मोजक्या पतंगांशी जुळतात आणि विषाला न जुमानणारी अळी तयार व्हायला वेळ लागतो, असा त्यामागचा हिशेब. सूचना छापलेली असे. दुकानदाराने समजावले नाही, आम्ही विचारले नाही. साध्या झाडाचे बोंड अळीच खाणार, मग जागा कशाला अडवायची, असे वडील म्हणत. हिशेबनीस असूनही मला त्यात खोट दिसली नाही.

जालन्याच्या महिकोच्या बीटी वांग्यावर जानेवारी २०१० मध्ये नागपुरात जनसुनावणी झाली, तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. बाजूचे शेतकरी होते, विरोधातलेही होते, आणि गोंगाट होता. पुडीबद्दल विचारायचे म्हणून चिठ्ठी लिहून नेली होती. पाळी आली नाही. ९ फेब्रुवारीला तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी वांग्याला स्थगिती दिली. कपाशीबद्दल मात्र अशी सुनावणी आम्ही कधी पाहिली नव्हती.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने जिल्हा पोखरला. आमची बोंडे वरून धड दिसत, फोडली की आत किडलेली सरकी. त्या हिवाळ्यात माळा आवरताना गोणीखाली सात पुड्या सापडल्या. एकीचेही तोंड फोडलेले नव्हते.