शाळेची पायरी

‘तो शाळेची पायरी चढला नाही’ असे एखाद्या निरक्षर माणसाविषयी आपण सहज बोलून जातो. बोलताना मनात असे गृहीत असते की पायरी होती, दार उघडे होते, चढायचे तेवढे त्याने चढायला हवे होते. दोष अर्थात त्याचा! पण शिक्षणाचा इतिहास थोडा चाळून पाहिला म्हणजे निराळेच दिसू लागते. ती पायरी कोणी बांधली, किती उंच बांधली आणि कोणाच्या पावलाचे माप घेऊन बांधली, हा प्रश्न त्या इतिहासात पुन्हापुन्हा उभा राहतो.

मी कोल्हापुरात गेली कित्येक वर्षे मुलांना इतिहास शिकवितो. यंदा माझ्या वर्गासाठी वेबसाइट तयार करावयास प्रथमच बसलो, आणि हा जुना प्रश्न नवा वेष घालून माझ्यापुढे आला. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. हुशार आहे, चौकस आहे, सनावळी तर माझ्यापेक्षा त्याच्याच अधिक ध्यानात. पण त्यास दिसत नाही. वर्गातली वेबसाइट सर्वांची व्हावयाची, तर ती त्याचीही व्हावयास हवी. कशी, ते सांगण्याआधी थोडे मागे जाऊ.

1917 साली राजर्षी शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचे ठरविले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यात हा प्रयोग करून 1906 साली तो राज्यभर नेला होता. ब्रिटिश मुलखासाठी नामदार गोखल्यांनी 1911 साली आणलेले विधेयक मात्र पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी तर मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला.

पण दंडाच्या धाकाने मूल दारापर्यंत येते. आत टिकावयाचे तर आणखी पुष्कळ लागते. खेड्यातले पोर शिकावयास शहरात आले तर त्याने राहावे कोठे, जेवावे काय? ही पायरी महाराजांनी फार आधी ओळखली होती. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि मग एकामागून एक जाती-जमातींची वसतिगृहे निघत गेली. 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. कोल्हापूरला वसतिगृहांचे माहेरघर म्हणतात ते उगाच नव्हे.

आणि एवढ्यावर ते थांबले नाहीत. अस्पृश्यांच्या मुलांसाठी त्या काळी वेगळ्या शाळा असत. वरवर पाहता ही सोयच होती. 1919 साली महाराजांनी त्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि ती मुले सर्वांच्या शाळेत, सर्वांच्या शेजारी बसवावीत असा हुकूम काढला. मला हा हुकूम सक्तीच्या कायद्याहूनही मोठा वाटतो. वेगळे दार काढून दिले की दार दिल्याचे पुण्य मिळते आणि घर मात्र आपल्यापुरते राहते. ही पळवाट त्यांनी बुजवून टाकली.

पुढची पायरी अक्षरशः दगडाची. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय ऐन सोळाव्या वर्षी निकामी झाले. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन पुष्कळ मराठी घरांत वाचले गेले आहे. 1984 साली त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली आणि उचगावला ‘घरौंदा’ वसतिगृह उभे केले. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलीस तीन पायऱ्या म्हणजे सह्याद्रीचा कडाच. त्या तीन पायऱ्यांशेजारी एक उतार बांधून दिला की तोच कडा सपाट होतो. मुलगी तीच, खुर्ची तीच. बदलले ते बांधकाम! आणि मौज अशी की त्या उतारावरून मग म्हातारी माणसे, बाबागाडीवाल्या आया आणि जड पेटी ओढणारा शिपाईही सुखाने जाऊ लागतात.

पायांची पायरी गवंडी मोडून देतो. डोळ्यांची पायरी कोणी मोडावी? मुंबईत 1900 साली दुष्काळाच्या दिवसांत मिस अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. दादरची शाळा ती हीच. बोटांनी वाचावयाची लिपी त्यापूर्वीच फ्रान्सात जन्मली होती. लुई ब्रेल हा स्वतः आंधळा मुलगा. पंधरा वर्षांचा असताना त्याने सहा टिंबांची आपली लिपी बसविली आणि 1829 साली ती छापून प्रसिद्ध केली. भारतात मात्र निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल लिप्या चालत. 1951 साली सर्व भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ स्वीकारली गेली, तेव्हा हा गोंधळ मिटला.

या भारती ब्रेलमधली एक गोष्ट मला फार आवडते. ‘कि’ हे अक्षर कागदावर पाहा. डोळ्याला आधी वेलांटी दिसते, मग क. छापखान्यातला जुळारी वेलांटीचा खिळा आधी लावी, आणि टंकलेखकही तीच कळ आधी दाबी. पण तोंडाने उच्चार करून पाहा: आधी क, मग इ. आमच्या पंतोजींनी घोकून घेतलेली बाराखडी काय सांगते? ‘ककाला वेलांटी कि’! क आधी, वेलांटी नंतर. ब्रेलमध्येही क आधी आणि इ नंतर. थोडक्यात, छापील मराठी डोळ्याच्या क्रमाने चालते. बाराखडी आणि ब्रेल कानाच्या क्रमाने.

हे सारे वेबसाइटच्या कामात कोठे आले, असे कोणी विचारील. सांगतो. आमच्याकडे अनेक वर्षांची टिपणे संगणकावर होती, पण ती जुन्या फॉन्टांत. त्या काळी सगळीकडे हीच रीत होती. या फॉन्टांची युक्ती अशी की संगणकाच्या पोटात रोमन अक्षरेच साठवावयाची आणि त्यांवर देवनागरीचे मुखवटे चढवावयाचे. पडद्यावर ‘शाळा’ दिसते. आत रोमन अक्षरांची खिचडी असते. वेलांटीही टंकलेखकाप्रमाणे आधी. डोळस माणसास मुखवटा पुरतो. माझ्या विद्यार्थ्याच्या संगणकावर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारा स्क्रीनरीडर आहे. त्याने शिवकालावरचे टिपण उघडले आणि यंत्र एकामागून एक निरर्थक रोमन अक्षरे बडबडू लागले. मुलगा हसून म्हणाला, “गुरुजी, महाराजांनी ही सांकेतिक लिपी हेरांसाठी काढली होती का?”

वर्ग हसला. मलाही हसू आले; पण त्या हसण्याखाली एक गोष्ट बोचत राहिली. वर्षभराचा अभ्यास त्याच्यापुढे होता आणि त्यातले एक अक्षर त्याचे नव्हते.

यावरचा उपाय आज सर्वांच्या हाताशी आहे. त्याचे नाव युनिकोड. 1991 साली त्याची पहिली आवृत्ती निघाली, आणि देवनागरीची मांडणी त्यात भारतीय मानकावरून घेतली गेली. त्यात प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. क म्हणजे 2325; जगातल्या कोणत्याही संगणकावर तो कच. आणि ‘कि’ लिहावयाचा झाला तर आधी क, मग वेलांटी! आमच्या पंतोजींची बाराखडी अखेर यंत्रालाही पाठ झाली म्हणावयाची. ती जुनी टिपणे युनिकोडात आणली की स्क्रीनरीडर ती मराठीत वाचतो. असा एक स्क्रीनरीडर, एनव्हीडीए नावाचा, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 पासून घडवीत आणला आणि तो फुकट ठेवला. लुई ब्रेलचीच परंपरा ही!

अक्षर झाले, तरी चित्रे उरतात. वेबची कल्पना मांडणारे टिम बर्नर्स-ली ज्या मंडळाचे प्रमुख होते, त्याने 1999 साली यासंबंधीचे पहिले नियम प्रसिद्ध केले. ते वाचताना मला ते एखाद्या जुन्या शिक्षकानेच लिहिले असावेत असे वाटले. चित्र घातलेत तर शब्दांत ते सांगा. आवाज घातलात तर त्याचे शब्द लिहा. मथळा नुसता जाड न करता मथळा म्हणून नोंदवा, म्हणजे ऐकणाऱ्यासही पान चाळता येईल. उंदीर हातात धरता येत नसेल त्यास नुसत्या कळांवर सारे करता येऊ द्या. पुढे त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उठावाचे मापही आले: साध्या मजकुरास निदान साडेचारास एक.

मी पन्हाळगड ते विशाळगड हा नकाशा शब्दांत लिहावयास बसलो. 1660 च्या जुलैतली ती पावसाची रात्र, सिद्दी जौहरचा वेढा, बाजीप्रभूंची घोडखिंड हे सारे मी वर्षानुवर्षे रंगवून सांगत आलो. पण विशाळगड पन्हाळ्याच्या कोणत्या बाजूस? पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे झुकलेला. खिंड वाटेवर कोठे? विशाळगडाच्या अलीकडे, म्हणजे थकलेल्या पायांनी शेवटच्या टप्प्यात गाठलेली. हे वर्णन वर्गात मोठ्याने वाचले तेव्हा नकाशा रोज पाहणारी मुलेही मान वर करून ऐकू लागली. बाजीप्रभूंनी खिंड तिथेच का अडविली, हे त्यांतल्या पुष्कळांना त्या दिवशी उमगले. उतार एकासाठी बांधला, आणि वर आले सगळे.

एका स्नेह्यांनी मला सुचविले, “एवढा खटाटोप कशाला? त्या मुलासाठी एक वेगळे साधे पान करून द्या, की झाले.” सल्ला प्रेमाचा होता, श्रमही वाचले असते. परंतु मला 1919 चा तो हुकूम आठवला. वेगळे पान म्हणजे वेगळी शाळाच की! घाईच्या दिवशी मुख्य पानावर नवा धडा चढतो आणि वेगळे पान उद्यावर जाते. मग उद्याचे परवा होते. वेगळ्या सोयीचा अंत बहुधा असाच होतो.

म्हणून आमच्या वर्गाचे पान एकच आहे. ज्याला दिसते तो ते पाहतो, ज्याला दिसत नाही तो ते ऐकतो, आणि परीक्षेत प्रश्न दोघांना सारखेच येतात. वाचकहो, तुमच्यापैकी कोणी शिक्षक असेल, कोणी संस्थेचा चालक असेल, कोणाची नात नुकतीच अशा कामास लागली असेल. पान तयार झाले की एकदा डोळे मिटून ते ऐका. जिथे यंत्र अडखळेल, तिथे एक पायरी आहे असे समजावे; आणि ती मोडण्याचे काम चढणाऱ्याचे नव्हे, बांधणाऱ्याचे.