दार कुणाचे, यादी कुणाच्या हातात?

कुंडल म्हटले की क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाडांचे प्रतिसरकार आठवते. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते. तिथे ब्रिटिश पोलिसांना सातारा जिल्ह्याइतका मोकळा वावर नव्हता, आणि त्याचा आसरा चळवळीला मिळाला. कोण आत येणार आणि कोण बाहेर थांबणार, हे ठरवणे म्हणजेच सत्ता, ही गोष्ट या भागाला नवी नाही. आपल्या समाजाला तर ती त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे.

महाड आठवा. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर आपले नाव आले, पण पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, बाबासाहेबांना स्वतः तळ्यावर जावे लागले. लगेच ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! यादीत घातलेले नाव यादीतून काढले. ते उच्च न्यायालयातून परत मिळवायला १९३७ साल आले.

आज मोठ्या इमारतींची दारे अशाच यादीवर चालतात, हे आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावे. दाराशी कार्ड किंवा चेहरा वाचणारे यंत्र असते. ते आपली ओळख नियंत्रक पेटीकडे पाठवते, पेटी यादीत नाव शोधते आणि मगच कुलूप सुटते. मूळ यादी मध्यवर्ती सर्व्हरवर असते. तिथे कुणी एक कळ दाबली की शंभर दारे एकाच वेळी बंद होतात. कोण कधी कुठल्या दारातून गेला, याची नोंदही तिथेच साठते. यंत्राला जात कळत नाही, हे खरे. पण यादी माणूसच करतो.

मंत्रालयातच पाहा. २०२५ पासून तिथे चेहरा ओळखणारी यंत्रणा आणि अभ्यागतांसाठी डिजिप्रवेश ॲप आले. ज्या विभागात काम, त्याच मजल्यावर प्रवेश, असा नियम झाला. सुरक्षा हवीच, दलालांची गर्दी कमी होत असेल तर आनंदच आहे. पण किर्लोस्करवाडीला रात्रीच्या गाडीत बसून शिष्यवृत्तीचे किंवा गायरानाचे गाऱ्हाणे घेऊन निघालेल्या कुंडलच्या माणसाला फाटकावर लाल दिवा दिसला, तर त्याने दाद कुणाकडे मागायची? १९३० मध्ये काळारामाची दारे बंद झाली तेव्हा ती कुणी बंद केली, हे सगळ्या नाशिकला दिसत होते. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांना सत्याग्रह पाच वर्षे रेटता आला. सर्व्हरपुढे ठिय्या कसा मारायचा?

यंत्राला विरोध करून भागणार नाही. आपण अर्ज करावेत, माहितीचा अधिकार वापरावा. यादीत नाव घालण्या-काढण्याचा अधिकार कोणत्या हुद्द्याकडे आहे? प्रवेश नाकारला तर कारण लेखी मिळते का? ये-जा केल्याच्या नोंदी किती दिवस ठेवतात आणि त्या पोलिसांना कोणत्या आदेशाने देतात? स्मार्टफोन नसलेल्यासाठी फाटकावर निर्णय घेऊ शकणारा अधिकारी बसतो का, आणि त्याच्या नावाची पाटी तिथे आहे का?

जय भीम!