पेटंटची चौदा वर्षं कुणी मोजली?

पेटंटची मुदत वीस वर्षं असते, हे आज इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलंही सांगतात. वीसच का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. जुन्या कायद्यांतल्या मुदती एकाखाली एक लिहून पाहिल्या की तो प्रश्न आपोआप उभा राहतो. इंग्लंड, १६२४ : नव्या शोधाला चौदा वर्षं, आधीच दिलेल्या पेटंटांना एकवीस. इंग्लंडचाच १७१० चा ग्रंथहक्काचा कायदा : नव्या पुस्तकाला चौदा, जुन्याला एकवीस. अमेरिका, १७९० : चौदा, १८३६ मध्ये वर आणखी सात वर्षांची सोय. कलकत्ता, १८५६ : चौदा. आपला १९७० चा कायदा : चौदा, आणि अन्न-औषधांच्या प्रक्रियांना फार तर सात. जिकडे पाहावं तिकडे साताचा पाढा!

हा सात आला कुठून? माझं उत्तर असं, की तो कारखान्यातल्या पोराच्या उमेदवारीतून आला. राणी एलिझाबेथच्या काळात, १५६३ मध्ये, इंग्लंडात कारागिरांसाठी एक मोठा कायदा झाला. कुठलाही धंदा करायचा तर आधी उस्तादाकडे किमान सात वर्षं शागिर्दी केलेली हवी, असा नियम त्याने देशभर लागू केला. लंडनच्या धंदेवाईक संघांत ही रीत आधीपासून होतीच. म्हणजे ‘एक कसब शिकायला किती काळ लागतो?’ या प्रश्नाला त्या देशात कायद्याने ठरवलेलं उत्तर होतं : सात वर्षं.

पेटंटच्या इतिहासातले याआधीचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. फ्लॉरेन्सने १४२१ मध्ये ब्रुनेलेस्कीला संगमरवर वाहणाऱ्या बोटीसाठी तीन वर्षांचा हक्क दिला. व्हेनिसच्या १४७४ च्या कायद्याने शोधकाला दहा वर्षं दिली. त्या आकड्यांत साताचा मागमूस नाही, म्हणून तिथे थांबत नाही.

थांबायला हवं ते इंग्लंडात, कारण तिथे पेटंटचा अर्थच वेगळा होता. तिथल्या राजांना शोधापेक्षा शोध जाणणारा माणूस हवा होता. सहाव्या हेन्रीने १४४९ मध्ये जॉन ऑफ युटिनम या परदेशी कारागिराला रंगीत काच बनवण्याचा वीस वर्षांचा मक्ता दिला, त्यात इंग्रजांना ती विद्या शिकवण्याची गोष्ट होती. पुढे १५६१ मध्ये कडक पांढऱ्या साबणाचं पेटंट दोन परदेशी माणसांना दहा वर्षांसाठी मिळालं, तेव्हा त्यांच्या नोकरांपैकी निदान दोघे याच मातीत जन्मलेले असावेत, अशी अट पडली. खिडक्यांच्या काचेचं १५६७ चं पेटंट एकवीस वर्षांचं. ते मिळवणाऱ्या झां कारे आणि अँथनी बेकू या परदेशी काचकारांवर बंधन असं, की मुदत संपेल तेव्हा इंग्रज माणसांना हे काम पुरतं येत असलं पाहिजे. पेटंट म्हणजे राजाने भरवलेली शाळा होती, आणि मक्ता ही गुरुजींची फी.

यावर जाणकार आक्षेप घेतात, आणि तो पोकळ नाही. एलिझाबेथच्या काळातली पेटंटं दहा, वीस, तीस अशा वाटेल त्या मुदतीची होती. मग उमेदवारीचा नियम कुठे राहिला? दुसरा आक्षेप जमिनीच्या बाजूने येतो. आठव्या हेन्रीच्या १५४० च्या कायद्यापासून जमिनीच्या भाडेपट्ट्यांना एकवीस वर्षांची मर्यादा वकिलांच्या सरावातली होती. तेव्हा पेटंटची एकवीस वर्षं त्या पट्ट्यांवरून उचलली असतील आणि चौदा हा संसदेतल्या घासाघिशीचा आकडा असेल. शिवाय १६२४ च्या कायद्याच्या मजकुरात शागिर्दांबद्दल एक अक्षरही नाही. कलम फक्त ‘चौदा वर्षं किंवा त्याहून कमी’ एवढंच म्हणतं.

भाडेपट्टा एकवीसचा उलगडा करतो हे मला मान्य आहे. चौदाचा मात्र करत नाही. आणि उमेदवारीच्या बाजूने एक भक्कम साक्षीदार उभा आहे : सर एडवर्ड कोक. मक्तेदारीविरुद्धचा हा १६२४ चा कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात होता. इंग्लंडच्या कायद्यावरच्या त्यांच्या ग्रंथाचा तिसरा भाग त्यांच्या मृत्यूनंतर, १६४४ मध्ये छापला गेला. त्यात ते नोंदवतात, की या मुदती काहींना फार लांब वाटल्या होत्या. कारणही देतात : नव्या धंद्यात सात वर्षं काढून जो पोरगा शिकून तयार झाला, त्याला उरलेली सारी वर्षं त्याच मालकाचा नोकर म्हणून राहावं लागेल, मग अशा धंद्यात यायला माणसं तयार होणार नाहीत आणि मुदत संपल्यावर देशाला पुरेसे कारागीर मिळणार नाहीत.

हा उतारा मला सगळ्या वादाची किल्ली वाटतो. मुदतीवर भांडणारे लोक मुदत कशाने मोजत होते, ते त्यात उघड दिसतं. सहसा सांगितलं जाणारं स्पष्टीकरण असं, की चौदा वर्षांत शागिर्दांच्या दोन तुकड्या तयार व्हाव्यात. अर्थशास्त्रज्ञ फ्रिट्झ माखलुप यांनी १९५८ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसाठी केलेल्या अभ्यासातही तेच आहे. मला ते अपुरं वाटतं. कोकचा पोरगा पहिल्याच तुकडीतला आहे, आणि अडचण त्याचीच आहे. सात वर्षांनीच पेटंट संपलं असतं, तर उस्तादाने ज्याला शिकवलं तोच दुसऱ्या दिवशी समोर दुकान थाटून बसला असता. असं कळल्यावर कोणता उस्ताद मनापासून शिकवेल? म्हणून माझा कयास असा : पहिली सात वर्षं देशाने शिकण्याची, दुसरी सात उस्तादाने कमावण्याची. एकवीस वर्षं ही आधीच पेटंट घेऊन बसलेल्यांची समजूत घालण्यासाठी दिलेली सवलत. तिथे भाडेपट्ट्यांची सवय कामी आली असेल, तर माझी हरकत नाही.

पुढे शिकवण्याचं काम माणसाकडून कागदाकडे गेलं. अठराव्या शतकात पेटंट घेणाऱ्याने शोधाचं लेखी वर्णन दाखल करायचा प्रघात पडला. लिआर्डेट यांच्या गिलाव्याच्या पेटंटवरचा १७७८ चा खटला गाजला, आणि त्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी या कागदाचं प्रयोजन स्पष्ट केलं : मुदत संपल्यावर इतरांना तो वाचून ते काम करता आलं पाहिजे. उस्तादाच्या जागी स्पेसिफिकेशन आलं. उमेदवारीची सक्ती तर १८१४ मध्ये कायद्यातूनच काढून टाकली गेली.

आणि तरीही १८५६ मध्ये कलकत्त्यात कंपनी सरकारने शोधकांसाठी पहिला कायदा केला तेव्हा त्यात चौदाच वर्षं आली. ज्या नियमातून तो आकडा जन्मला, तो विलायतेतच मोडीत निघून बेचाळीस वर्षं झाल्यावर! त्या कायद्याखाली पहिला अर्ज केला जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी, पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. राणीची मंजुरी न घेतल्यामुळे कायदा वर्षभरात रद्द झाला, १८५९ मध्ये दुरुस्त होऊन परत आला, चौदा वर्षं तशीच घेऊन. मुंबईचे शंकर आबाजी भिसे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये टाइप पाडण्याची यंत्रं तयार करत होते, तेव्हा विलायतेतही मुदत चौदाच होती. १९१९ मध्ये तिथे ती सोळा झाली, १९३० मध्ये आपल्याकडेही सोळा; १९७० मध्ये आपण पुन्हा चौदावर आलो. औषधांच्या प्रक्रियांना त्या कायद्याने पेटंट दिल्यापासून पाच किंवा अर्ज केल्यापासून सात, यांतली जी आधी संपेल ती मुदत ठेवली. स्वस्त औषधांसाठी केलेल्या त्या छाटणीतही चौदाचा बरोबर अर्धा भाग निघावा, हा मी योगायोग मानत नाही.

साताचा पाढा अखेर मोडला तो जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे. अर्जाच्या तारखेपासून किमान वीस वर्षं ही अट १९९५ पासून लागू झाली. आपल्या कायद्यात ती २००२ च्या दुरुस्तीने शिरली. अमेरिकेने १८६१ मध्येच चौदा आणि एकवीस यांच्या मधला सतरा काढला होता, आता तोही गेला.

पण तो शागीर्द गेला नाही, असं माझं ठाम मत आहे. आज मुंबईच्या अँटॉप हिलवरच्या पेटंट कार्यालयात एखादा विद्यार्थी अर्ज करतो, तेव्हा सुरुवातीला तात्पुरतं वर्णन देऊन तारीख पक्की करता येते. बारा महिन्यांत पूर्ण वर्णन द्यावं लागतं. त्या पूर्ण वर्णनाची कसोटी १९७० च्या कायद्याच्या कलम ६४ मध्ये आहे. त्या कामाची साधारण हातोटी आणि साधारण ज्ञान असलेल्या भारतातल्या माणसाला केवळ ते वर्णन वाचून शोध प्रत्यक्षात आणता आला नाही, तर पेटंट रद्द होऊ शकतं. हा साधारण हातोटीचा माणूस म्हणजे कोकच्या उताऱ्यातला सात वर्षं पुरी केलेला पोरगा, दुसरा कुणी नाही. म्हणून नवं काही शोधणाऱ्या मुलांना मी सांगत असतो, की पूर्ण वर्णनाचा मसुदा झाला की आधी तो आपल्याच वर्कशॉपमधल्या एका जाणत्या सहकाऱ्याच्या हातात द्या, आणि तोंडाने एक शब्दही न सांगता त्याला ते यंत्र जुळवू द्या. सहकारी मात्र गुपित राखणारा निवडा. अर्ज दाखल होण्याआधी गोष्ट बाहेर फुटली तर शोधाचं नवेपणच धोक्यात येतं.