घाडगे, यशवंत

घाडगे, यशवंत : (१६ नोव्हेंबर १९२१ – १० जुलै १९४४). दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर धारातीर्थी पडलेले मराठा पलटणीचे नायक आणि व्हिक्टोरिया क्रॉस या सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदकाचे मानकरी. जन्म तत्कालीन कुलाबा (विद्यमान रायगड) जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते होते. ही पलटण १९४४ मध्ये दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत लढत होती.

मे १९४४ मध्ये कॅसिनोची फळी फुटली व ४ जून रोजी रोम दोस्त सैन्याच्या हाती आले. त्यानंतर जर्मन सैन्य उत्तरेकडील ‘गॉथिक रेषे’कडे हटू लागले, पण प्रत्येक डोंगरसोंडेवर ठाण मांडून पाठलाग करणाऱ्यांना शक्य तितके रोखून धरावयाचे, असे त्याचे धोरण होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात या धोरणाशी सामना करण्याचे काम दहाव्या डिव्हिजनकडे होते. लढाईचा भार अशा वेळी लहान लहान पायदळ तुकड्यांवर पडतो.

१० जुलै १९४४ रोजी मराठा कंपनीने शत्रूच्या एका भक्कम ठाण्यावर हल्ला चढविला. घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्व जण ठार वा जखमी झाले. सोबतीला कोणीही उरले नाही, हे ठाऊक असूनही घाडगे टॉमीगन चालवीत एकटेच पुढे धावले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा सैनिक यांना निकामी केले. दुसऱ्या एकास गोळी घातली. बंदुकीतील गोळ्या संपल्या व त्या पुन्हा भरण्यास उसंत नव्हती, तेव्हा नळीकडून बंदूक धरून तिच्या दस्त्याच्या प्रहारांनी त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात दबा धरून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना मृत्यू आला. त्या वेळी ते बावीस वर्षांचे होते. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले. ५,७८२ जणांना मरण आले. या आघाडीवरील वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैन्यातील सैनिकांना मिळाले. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी पराक्रम करणारे नामदेव जाधव हे त्यांपैकीच होत. जाधव मायदेशी परतले. घाडगे यांची ज्ञात समाधीही नाही. कॅसिनो येथील स्मारकावर, थडगे ज्ञात नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांत त्यांचे नाव कोरलेले आहे.

या सैनिकांचे स्मरण स्वदेशात दीर्घकाळ क्षीणच राहिले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांचा सल्ला न घेता भारत युद्धात उतरल्याचे घोषित केले होते. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळात हजारो देशभक्त तुरुंगात होते आणि त्याच वेळी लक्षावधी भारतीय ब्रिटिशांच्या सैन्यात स्वेच्छेने भरती झालेले होते. परसत्तेच्या निशाणाखाली आलेले हे मरण स्वातंत्र्याच्या इतिहासात कोठे बसवावे, हा प्रश्न त्यामुळे अवघड ठरला. तथापि फॅसिस्ट सत्तांच्या पाडावात या सैनिकांचा वाटा होता, हे त्यामुळे नाकारता येत नाही. युद्ध कोणी पुकारले, हा एक प्रश्न. त्यात प्राण देणाऱ्याचे धैर्य, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराने दुसऱ्याचे मोल कमी होत नाही.

माणगाव येथे घाडगे यांचा पुतळा आहे. इटलीत पेरूजा प्रांतातील मोंतोने या गावी जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने स्मारक उभारण्यात आले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात असून, सर्व माणसे एकाच सूर्याखाली राहतात, या आशयाचे लॅटिन बोधवाक्य त्यासाठी निवडलेले आहे.