जनसंगीताच्या वर्गात

रविवारी सकाळी चेलाडी फाट्यावर उभे राहायचे, पुण्याकडे जाणारी मिळेल ती गाडी धरायची, कात्रजचा बोगदा ओलांडून स्वारगेटला उतरायचे, असा आमचा क्रम गेल्या वर्षी काही महिने चालला. आम्ही नसरापूरला राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. पुण्यातल्या एका महाविद्यालयाने लोकप्रिय संगीताच्या इतिहासाचा रविवारचा अभ्यासक्रम काढला होता, त्यात नाव घातले.

घरी सांगितले तेव्हा अब्बांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "बी.एड. झालं, नोकरी लागली, आता गाणं शिकणार?" एवढेच म्हणाले. गाणे नव्हे, गाण्याचा इतिहास, असा खुलासा आम्ही केला. तो त्यांना पटला नाही. गाणे जायज की नाजायज, हा वाद आमच्याकडे जुनाच आहे. पण वर्गात पहिल्याच दिवशी शेजारच्या बाकावरच्या बाईंनी सहज विचारले, "तुमच्यात गाणं चालतं का हो?" घरातला आणि वर्गातला प्रश्न एकच निघाला याची आम्हांला मोठी गंमत वाटली.

लोकप्रिय संगीताला अशोक दा. रानडे यांनी 'जनसंगीत' हा शब्द वापरला. जात्यावरची ओवी हे लोकसंगीत. ती गाणारीच ती ऐकते. जनसंगीतात गाणारा एकीकडे, तिकीट काढणारा दुसरीकडे आणि मध्ये रंगमंच, तबकडी किंवा पडदा. ही फोड समजली आणि आमचे लक्ष लागले.

दुसऱ्या रविवारी सर संगीत नाटकावर आले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात एका पारशी नाटक मंडळीचा 'इंद्रसभा'चा खेळ पाहिला, असे आपल्या मातृभाषेत का होऊ नये असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आले, अशी हकिकत सांगितली जाते. 'इंद्रसभा' हे नाव ऐकताच आम्ही वहीतून मान वर केली. लखनौच्या आगा हसन 'अमानत' यांची ही १८५३ च्या सुमाराची रचना. उर्दू साहित्याच्या पेपरात आम्ही ती घोकली होती. पण ती पुण्याला आली आणि मराठी माणसाला नाटक लिहावेसे वाटले, हे तिथे कोणी सांगितले नव्हते. पुढे १९३२ साली 'इंद्रसभा'वर बोलपट निघाला, त्यात सत्तरच्या आसपास गाणी होती. हिंदी चित्रपटातल्या गाण्यांना आज हसणाऱ्यांनी तो आकडा लक्षात ठेवावा.

मग नावांची रीघच लागली. बालगंधर्वांच्या 'स्वयंवर'ला (१९१६) चाली देणारे भास्करबुवा बखले हे फैज महंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ यांच्याकडे शिकलेले. अब्दुल करीमखाँ उत्तरेतून आले आणि मिरजेचे झाले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व मराठी रंगभूमीवर गाजले, आणि खाँसाहेबांनी स्वतःही मराठी नाट्यपदांच्या तबकड्या दिल्या. १९३७ साली दक्षिणेतल्या प्रवासात एका रेल्वे स्टेशनवर त्यांचा अंत झाला. दफन मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्यात.

हे सारे खाँसाहेब बाहेरून आलेले, असे कोणी म्हणेल. वर्गातही एकाने म्हटलेच. त्याला उत्तर आमच्या घराच्या पूर्वेलाच होते. पुरंदर ओलांडला की पलीकडे जेजुरी. तिथला सगनभाऊ, जन्माने मुसलमान, धंद्याने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात त्याच्या लावण्या गाजल्या. आमच्या नसरापूरचे बनेश्वर नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ साली, बांधले गेले. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी हा जन्मला. मराठी राज्य बुडताना पाहणाऱ्या पिढीचा तो शाहीर. वर्गात वाटलेल्या टिपणात मात्र 'इतर शाहीर' या ओळीत तो शेवटून दुसरा होता. त्याचा समकालीन होनाजी, त्याच्यावर शांतारामबापूंनी १९५१ साली 'अमर भूपाळी' काढला आणि तो घरोघरी पोचला. पडदा मिळाला की शाहीर जगतो, नाही तर टिपणात जातो.

आम्ही तावातावाने उठून तक्रार केली. सरांनी ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "तुमच्या शाळेत सगनभाऊ कोण, हे किती मुलांना ठाऊक आहे?"

एकालाही नव्हते. आम्हांलाच ते टिपण हाती येण्यापूर्वी ठाऊक नव्हते. लावणी म्हणजे तमाशा, तमाशा म्हणजे नको ती गोष्ट, म्हणून आमच्या घरांनी ती दारातच अडवली. मराठी आमच्या शाळेत असते, पण पुस्तकातल्या धड्यापुरती. सगनभाऊला मागच्या बाकावर बसवणाऱ्यांत आम्हीही होतो.

प्रकल्पासाठी आम्ही शाहीर अमर शेख घेतले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. गाडीवर क्लीनर, गिरणीत कामगार, मग अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर १९४४ चे लाल बावटा कलापथक. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना त्यांच्या आवाजासाठी माणसे जमत. १९६९ साली अपघातात गेले. त्यांना ना तबकडीची गरज पडली ना तिकिटाची. मैदान आणि डफ पुरला. रानड्यांच्या फोडीत त्यांना कुठे बसवावे, यावर आम्ही चार पाने खर्च केली आणि गुण तिथेच गेले.

तोच प्रकल्प नववीच्या वर्गात वाचून दाखवला. एका मुलाने हात वर केला. "ते पटेल होते ना? मग नाव का बदललं? मुसलमान आहोत हे लपवायला?"

"लपवायचं असतं तर शेख कशाला लावलं असतं?" आम्ही म्हणालो.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यांचं गाणं मोबाइलवर आहे का?"

सुट्टीची घंटा होईपर्यंत आम्ही सगळे ते शोधत बसलो. शाळेत रेंज कमीच येते.