खारपट्टीतील गहाण आणि सोडवणुकीचा हक्क

पेणहून नागोठण्याकडे जाणाऱ्या मुंबई-गोवा हमरस्त्यावर वडखळ आणि डोलवी मागे पडून गडब लागते, तेव्हा खाडीच्या अंगास पसरलेली भातखाचरे पाहून नवख्या माणसास ती निसर्गाची देणगी वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ती समुद्राकडून हिसकावून घेतलेली आणि भरतीच्या प्रत्येक वेळेस पुन्हा राखावी लागणारी मिळकत आहे. अशा मिळकतीवर कर्ज काढण्याचा व्यवहार या मुलखात पिढ्यान् पिढ्या चालत आला. त्या व्यवहाराचा इतिहास पाहता एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की गहाणाच्या पद्धतीची खरी परीक्षा व्याजाच्या दरावरून जितकी होते, त्याहून अधिक ऋणकोस आपली वस्तू परत सोडवून घेण्यास किती काळ आणि किती वाव दिला जातो, यावरून होते.

पेशव्यांच्या अमलातून 1818 साली इंग्रजांकडे आलेल्या या भागात खारजमिनीची ‘शिलोत्री’ नावाची वहिवाट होती. बाहेरच्या बांधाची मरामत शिलोत्रीदाराने करावी आणि तिच्या मोबदल्यात शेतकऱ्यांनी त्यास ठराविक धान्य द्यावे, असा तो संकेत. हा बाहेरचा बांध, म्हणजे बाहेरकाठा, मजबूत आणि उघाडीची, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराची, झडप नीट असेल, तर भरतीचे पाणी बाहेर राहते आणि पावसाचे पाणी ओहोटीबरोबर निघून जाते; परंतु एखाद्या उधाणात बांधास खांड गेली, म्हणजे खारे पाणी शेतात शिरून उभे पीक तर जातेच, शिवाय जमिनीतील मीठ धुऊन निघेपर्यंत पुढचे हंगामही हाती लागत नाहीत. अशा वर्षी शेतकऱ्याची अडचण दुहेरी होई. जुन्या कर्जाचा हप्ता देण्यास धान्य नसे आणि बांध घालण्यास नवा पैसा लागे; आणि ज्या जमिनीच्या भरवशावर तो पैसा मागावयाचा, तिचे मोल बांध फुटल्याच्या दिवशीच उतरलेले असे. पहिल्या सावकाराचे तारण वाचावे म्हणून दुसऱ्याकडे जाणे, हा येथील दुबार कर्जाचा मूळ प्रकार होय.

एकाच वस्तूवर दोन धनको हक्क सांगू लागले तर काय, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांस अपरिचित नव्हता. याज्ञवल्क्याने एरवीच्या अर्थविवादांत नंतरची क्रिया बलवत्तर मानली असली, तरी आधि (गहाण), प्रतिग्रह (दान) आणि क्रय (खरेदी) या तिहींत पूर्वीची क्रियाच बलवत्तर ठरविली आहे. त्यानेच फलभोग्य आधि, म्हणजे ज्याचे उत्पन्न धनको खातो ते गहाण, कालावधीने नष्ट होत नाही, असेही सांगितले. व्याजासह एकूण येणे मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊ न देणारा दामदुपटीचा नियम तर मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत इंग्रजी अमलातही मानला.

प्रत्यक्षात मात्र शास्त्रापेक्षा दस्ताचा मजकूर अधिक प्रभावी ठरे. चतुःसीमा, सर्व्हे नंबर आणि आकार नमूद करून झाल्यावर गहाणखतात ठरीव वाक्य येई: सदरहू मिळकत निर्वेध असून ती अन्यत्र गहाण, दान वा बक्षीस दिलेली नाही. नजरगहाणात कब्जा ऋणकोकडे राही आणि कब्जेगहाणात सावकार जमीन वहिवाटून उत्पन्न व्याजात वळवून घेई. परंतु सर्वांत धोक्याची ती मुदतखरेदी. तीत ठराविक वर्षांत रक्कम परत केल्यास जमीन मिळावी, न केल्यास खरेदी कायम व्हावी, अशी बोली असे. पुष्कळदा जमिनीचा मूळ धनी त्याच जमिनीची कबुलायत लिहून देऊन सावकाराचा कूळ म्हणून तीच नांगरी. त्याच्या पायांखालची माती तीच राही, पण खंडाचे धान्य त्यास दुसऱ्याच्या कणगीत घालावे लागे.

या अन्यायाचा स्फोट घाटावर 1875 साली सुपे येथील दंग्यात झाला आणि त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरत्या असलेल्या या कायद्याने न्यायाधीशास दस्ताच्या शब्दांमागे जाऊन व्यवहाराचा मूळ हिशेब तपासण्याची मुभा दिली. पुढे त्याचा विस्तार इलाखाभर झाला. दरम्यान 1882 चा मिळकत हस्तांतरण कायदा 1 जानेवारी 1893 पासून मुंबई इलाख्यास लागू झाला. दुसरे गहाण वैध, परंतु पहिल्याच्या मागे. लिलावाच्या पैशातून आधी पहिल्याची बाकी फिटावयाची, उरेल ते दुसऱ्याचे. आणि दुसऱ्यास आपला हक्क राखावयाचा असेल, तर पहिल्याची रक्कम भरून त्याच्या जागी उभे राहण्याची सोय, अशी व्यवस्था त्यात आहे. त्याहून मोलाचे कलम 60, ज्याने ऋणकोचा विमोचनाचा, म्हणजे सोडवणुकीचा, हक्क मान्य केला. त्या हक्काची मुदत तेव्हा 60 वर्षे होती, म्हणजे आजोबाने गहाण टाकलेली जमीन नातवास सोडविता येई. 1963 च्या मुदतीच्या कायद्याने ती 30 वर्षांवर आणली.

ज्यांच्या नावे जमीनच नव्हती, त्यांस या कायद्यांचा उपयोग तो काय होणार? कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील खोतांची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांची, कुळे खावटीचे धान्य सवाई-दिढीने उचलीत आणि तारण म्हणून येणाऱ्या हंगामाचीच जबान देत. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून 1939 पर्यंत चाललेल्या शेतकऱ्यांच्या संपाचे मर्म येथेच आहे. आणि त्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात आणले. त्यानंतर 1939 चा आणि पुन्हा 1947 चा कर्जनिवारण कायदा, 1946 चा सावकारी कायदा, 1949 चा खोती निर्मूलन कायदा, आणि कूळ कायद्यान्वये कुळे जमिनीची खरेदीदार मानली गेली तो 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, अशा क्रमाने कूळ धनी झाला. सरकारने सावधपणे त्याच कायद्याच्या कलम 43 ची अट घातली, की कुळाने मिळविलेली जमीन परवानगीवाचून विकता वा गहाण टाकता येऊ नये. मिळालेली वस्तू पुन्हा सावकाराच्या दारी जाऊ नये, हा तिचा हेतू होता.

सावकाराची जागा सहकाराने घ्यावी, या हेतूने 1904 च्या कायद्यानंतर गावोगाव पतपेढ्या निघाल्या आणि दीर्घ मुदतीसाठी 1935 साली मुंबई प्रांतिक भूतारण बँक स्थापन झाली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 48 अन्वये सभासदाने लिहून दिलेल्या इकराराने जमिनीवर सोसायटीचा बोजा चढतो आणि तो सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदविला जातो. कमाल मर्यादा पत्रकावर ठरलेल्या मर्यादेत उचल करावी, हंगामाअखेर भरावी आणि पुन्हा उचलावी, ही फिरती पतमर्यादा ग्रामीण महाराष्ट्रास शहरी बँकांच्या जाहिरातींच्या फार आधीपासून ठाऊक होती. ज्या बांधावर या साऱ्या तारणाचे मोल अवलंबून, त्याची चिंता सरकारने 1948 च्या खारजमीन कायद्याने आणि पुढे 1979 च्या अधिनियमाने आपल्याकडे घेतली.

शेतजमिनीच्या मानाने राहते घर मात्र दीर्घकाळ या व्यवहाराबाहेर राहिले. गावठाणातील घरास ग्रामपंचायतीचा नमुना 8 असे; परंतु तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून बँका तो तारणास पुरेसा मानीत नसत. केंद्र सरकारने 2020 साली स्वामित्व योजना सुरू केली, तिचा एक जाहीर हेतूच गावठाणातील घरांच्या मिळकत पत्रिका तयार करून त्यांवर कर्ज मिळण्याची वाट मोकळी करणे हा आहे. डोलवीच्या पोलाद कारखान्यामुळे आणि हमरस्त्याच्या रुंदीकरणामुळे या पट्ट्यातील जागेस पूर्वी कधी नव्हती अशी किंमत आली असून, घराच्या किमतीतून आधीचे कर्ज वजा जाता जे मोल उरते, त्यावर दुसरे कर्ज, वाढीव कर्ज वा ओव्हरड्राफ्ट घेण्याचा मोह आता गडबसारख्या गावांपर्यंत पोहोचणार, यात शंका नाही. एकच मिळकत दोन ठिकाणी लपवून तारण देण्यास 2011 पासून केंद्रीय तारण नोंदवहीने आळा घातला. ‘निर्वेध’ या शब्दाची खातरजमा धनको आता स्वतः करू शकतो.

परंतु ऋणकोचे काय? 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकेस न्यायालयात न जाता 60 दिवसांच्या नोटिशीनंतर तारणाचा कब्जा घेण्याचा अधिकार दिला. शेतजमीन त्यातून वगळली आहे, घर वगळलेले नाही; आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर घर सोडविण्याची संधी लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच साधावी लागते. कुठे आजोबाचे गहाण सोडविणाऱ्या नातवाची 60 वर्षे आणि कुठे ही मुदत!

कर्जाची गरज नाकारण्याचा प्रश्न नाही. मुलांचे शिक्षण, दुखणेबाणे, लहानसा धंदा यांसाठी घराच्या मोलाचा आधार मिळणे हिताचेच आहे, आणि सावकाराच्या दिढीपेक्षा बँकेचे व्याज शतपटीने बरे. पण ज्या मुलखात बाहेरकाठा कधी फुटेल याचा नेम नाही आणि एका उधाणाने वर्षाचे उत्पन्न जाते, तेथे दरमहा न चुकता हप्ता भरण्याची अट पगारदाराच्या मापाने घातली जाऊ नये. हंगामाप्रमाणे हप्ते असावेत. खारे पाणी शिरलेल्या वर्षी वसुलीस तहकुबी मिळावी. आणि मिळकत पत्रिका हाती देताना तलाठ्याने वा ग्रामसेवकाने घरधन्यास त्याच्या सोडवणुकीच्या हक्काची मुदत मराठीत लेखी द्यावी. दामदुपटीपासून कलम 60 पर्यंत आणि चरीच्या संपापासून कलम 43 च्या अटीपर्यंत या भूमीत जे झगडे झाले, ते ऋणकोस श्वास घेण्यापुरता काळ मिळावा म्हणूनच झाले. घर तारण ठेवण्याच्या नव्या सोयीने तो काळच गिळून टाकू नये, एवढी दक्षता घेणे कायदेमंडळाचे, बँकांचे आणि आपले सर्वांचे कर्तव्य आहे.