सत्तर अंश की शहाण्णव?

दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर काढणं हा माझा एक निरुपद्रवी छंद. कागद, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर एवढं भांडवल पुरतं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मात्र काम भागत नाही, कारण नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल. जगाच्या गोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरा. तो ज्या वाटेवर बसेल ती सगळ्यात जवळची वाट.

हिशेब अंशांत होतो. दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश सूत्रात घातले की मधला कोन मिळतो. एका अंशाचे ६० नाविक मैल आणि एक नाविक मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. झालं! या कामासाठी दर्यावर्दी लोक जे ‘हॅव्हरसाइन’ वापरत, ते नाव जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये रूढ केलं. पण ते आहे काय, तर आर्यभटाच्या काळापासून आपल्याकडे माहीत असलेल्या उत्क्रमज्येचं निम्मं.

आता हेलसिंकी ते टोकियो ही जोडी घ्या. टोकियोचा नारिता विमानतळ धरला तर कोन येतो सुमारे ७०.४ अंश, म्हणजे ७,८०० किलोमीटरच्या थोडं वर. वाट जाते रशियावरून. आणि इथेच गणित संपून इतिहास सुरू होतो.

शीतयुद्धात सोव्हिएत आकाश पाश्चात्त्य विमानांना सहजी मिळत नसे. १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन कंपनी एसएएसने कोपनहेगनहून अलास्कातल्या अँकोरेजला थांबून टोकियोला जाणारी ध्रुवीय सेवा सुरू केली. एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकीहून टोकियो न थांबता गाठलं, तेही उत्तर ध्रुवावरून. त्या वळशाचा हिशेब ढोबळमानाने असा: ध्रुवापर्यंत ३० अंश, तिथून बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत २४, पुढे टोकियोपर्यंत ४२. एकूण ९६ अंश, म्हणजे साधारण १०,७०० किलोमीटर!

एवढा वळसा कशाला, असं वाटेल. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकोरेजहून सोलला निघालेलं कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि ते पाडण्यात आलं. २६९ माणसं गेली. नकाशावरची रेघ ओलांडण्याची ती किंमत होती.

पुढे सोव्हिएत संघ गेला, सैबेरियावरचं आकाश खुलं झालं, आणि दोरा पुन्हा ताणला गेला. हेलसिंकी ते टोकियो साधारण साडेनऊ तासांत होऊ लागलं. युरोपातून आशियात जाण्याचं जवळचं दार म्हणून त्या छोट्या शहराला महत्त्व आलं. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपने रशियन विमानांना आणि रशियाने युरोपीय विमानांना आकाश बंद केलं. मार्चमध्ये फिनएअरची विमानं पुन्हा ध्रुवाकडे वळली. प्रवास झाला सुमारे तेरा तासांचा. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र मिळू लागलं, ही त्यातल्या त्यात गंमत.

चाळीस वर्षांत विमानं बदलली, इंजिनं बदलली, आणि वाट फिरून तिथेच आली. सूत्राचं उत्तर मात्र तेव्हाही ७०.४ होतं आणि आजही तेच आहे. वरचे २५-२६ अंश पृथ्वीचे नाहीत, माणसांचे आहेत. म्हणून हल्ली मी कागदावर दोन आकडे मांडतो. एक दोऱ्याचा, एक वळशाचा. वजाबाकी केली की त्या काळात जग एकमेकांपासून किती दूर होतं ते कळतं.